थकलेले भाडे आणि घराचा ताबा

घर भाड्याने देणारा मनुष्य म्हटला की आपल्या नाटक-कथांनी रंगवलेला, पहिल्या तारखेस जिन्यात काठी आपटीत येणारा एक कृपण गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु पुण्याच्या पेठांतून, नाशिकच्या जुन्या वाड्यांतून किंवा डोंबिवली-विरारकडच्या सोसायट्यांतून हिंडून पाहिले तर निवृत्त शिक्षक, भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेल्या दुसऱ्या सदनिकेच्या भाड्यावर औषधपाणी भागविणारी विधवा आणि परदेशी गेलेल्या मुलाच्या घराची राखण करणारे वृद्ध आईबाप यांचा भरणाही त्या वर्गात काही थोडा नसतो. अशा मनुष्याचे तीन-चार महिन्यांचे भाडे थकले म्हणजे प्रथम त्याला संकोच वाटतो, नंतर संताप येतो, आणि संकोचाच्या काळात जे करावयास हवे होते ते न केल्यामुळे संतापाच्या काळात तो जे करू नये ते करून बसतो: नळाची चावी फिरवतो, मीटरची तार काढतो, किंवा भाडेकरू गावी गेलेला पाहून दारास आपले कुलूप ठोकतो. फिर्यादी व्हावयाचा मनुष्य त्या क्षणापासून आरोपी होतो. बाकी वसूल करणे आणि घराचा ताबा परत मिळविणे ही दोन्ही कामे महाराष्ट्रातील कायद्याने शक्य आहेत. मात्र ती पावती, नोटीस आणि तारीख यांच्या जोरावर होतात, आणि त्यांची तयारी पहिला महिना थकताच आरंभावी लागते.

आपल्या घरात राहणारा इसम कायद्याच्या दृष्टीने कोण आहे, हे सर्वांआधी निश्चित करावे; कारण बोलण्यात आपण सर्वांनाच भाडेकरू म्हणत असलो तरी जुना मासिक भाड्याचा किंवा पगडीचा भाडेकरू आणि अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर आलेला परवानाधारक यांच्याकडून ताबा घेण्याचे मार्ग, त्यांच्या कचेऱ्या आणि त्यास लागणारा काळ ही सर्वस्वी भिन्न आहेत. या भिन्नतेला इतिहास आहे. युद्धकाळातील घरटंचाईपासून सुरू झालेले भाडे नियंत्रण 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने पक्के केले आणि 1 सप्टेंबर 1940 रोजीचे भाडे हेच प्रमाण भाडे ठरवून टाकले. त्यातून सुटण्यासाठी मालकांनी परवान्याची वाट शोधली, तर 1973 च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारी रोजी चालू कराराने राहत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. रिकामी सदनिका कुलूपबंद पडली तरी चालेल परंतु कोणास द्यावयाची नाही, ही जी खोड मुंबईतील कित्येक मालकांना जडली, तिचे एक मूळ माझ्या मते या दुरुस्तीत आहे. पुढे डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी आता न्याय्य उरली नाहीत असा निर्णय दिला, आणि मुंबई, विदर्भ व मराठवाडा या तिन्ही भागांतील जुने कायदे रद्द करणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्याने भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करण्यास मुभा दिली आणि निवासी परवानाधारकासाठी निराळी, त्वरित कार्यपद्धती घालून दिली.

बँका, सार्वजनिक महामंडळे आणि एक कोटी रुपये वा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या हे तिसऱ्या प्रकारचे भाडेकरू होत. त्यांना या अधिनियमाचे संरक्षण नाही. मासिक भाड्याचे असल्यास मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 106 प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस देऊन त्यांचा पट्टा संपविता येतो. वर्तमानपत्रांतून अधूनमधून गाजणारा केंद्राचा 2021 चा आदर्श भाडेकरू कायदा हा केवळ नमुना आहे. राज्याने स्वतंत्र कायदा केल्याशिवाय तो कोणासही लागू होत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर कोणी नोटीस लिहू नये.

आता जुन्या भाडेकरूचाच विचार प्रथम करू, कारण खरी गुंतागुंत तेथे आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 15 चा आशय असा की भाडेकरू प्रमाण भाडे व परवानगी असलेली वाढ देत असेल, किंवा देण्यास तयार व राजी असेल, तोपर्यंत त्यास घराबाहेर काढता येत नाही. ‘तयार व राजी’ या दोन शब्दांवर आजवर असंख्य दावे लढले गेले आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ दावे मालकांनी आपल्याच हाताने घालविले आहेत. भाडेकरू मनिऑर्डर पाठवितो, मालक कोणा शहाण्याच्या सल्ल्यावरून ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत करतो, बाकी साठू द्यावी आणि मग ताबा मागावा असा त्याचा हिशेब असतो; प्रत्यक्षात परत आलेल्या मनिऑर्डरीच्या त्या चिठ्ठ्या भाडेकरू जपून ठेवतो आणि आपल्या राजीपणाचा पुरावा म्हणून न्यायालयापुढे मांडतो. येणारे पैसे घ्यावेत, ‘हक्क राखून’ असे लिहून घ्यावेत, परंतु घ्यावेत. वाद चालू असतानाही हाच नियम.

पावतीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या विषयात तिच्याएवढे दुर्लक्षित साधन दुसरे नाही. भाडे मिळाल्याबरोबर लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे आणि ती न देणे हा अपराध आहे. परंतु कायद्याचा धाक बाजूस ठेवला तरी पावतीपुस्तकाचा अर्धुकल्यासह जपलेला गठ्ठा हा मालकाचाच पहिला साक्षीदार असतो. समजा, मासिक भाडे आठ हजार रुपये आहे, एप्रिल, मे व जून असे तीन महिने थकले आहेत, आणि भाडेकरू जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आठ हजार रुपये आणून देतो. मालक घाईने ‘भाड्याखाती रुपये 8,000 मिळाले’ असे लिहून देतो. वर्षभराने भाडेकरू म्हणतो की ते जुलैचे होते, मालक म्हणतो एप्रिलचे, आणि कागद दोघांच्याही बाजूने बोलत नाही. भारतीय करार अधिनियमाचा दंडक सरळ आहे: पैसे देणाऱ्याने ते कोणत्या देण्यापोटी आहेत हे सांगितले व घेणाऱ्याने ते स्वीकारले तर ते त्याच देण्याकडे लावावे लागतात, त्याने काही सांगितले नाही व परिस्थितीवरूनही काही सूचित झाले नाही, तर घेणाऱ्याने आपल्या मर्जीप्रमाणे लावावेत. म्हणून पावती अशी लिहावी: ‘माहे एप्रिलच्या भाड्यापोटी रुपये 8,000 मिळाले, माहे मे व जून यांचे रुपये 16,000 येणे बाकी.’ खाली तारीख, सही आणि शक्य तर भाडेकरूचीही सही. अलीकडे पैसे फोनवरून थेट बँकेत जमा होतात आणि सोबत एखादा मोघम शेरा येतो, किंवा तोही येत नाही. अशा वेळी त्याच दिवशी उलट संदेश पाठवून रक्कम कोणत्या महिन्याकडे लावली ते कळवावे आणि तो संदेश पुसू नये.

थकबाकीची वसुली तीन वर्षांच्या मुदतीत असते, हे ध्यानात असू द्यावे. प्रत्येक महिन्याचे भाडे ज्या दिवशी देय झाले त्या दिवसापासून त्याची तीन वर्षे मोजली जातात, आणि ‘आपलाच माणूस आहे, देईल’ म्हणत जे मालक पाच-पाच वर्षे गप्प बसतात त्यांच्या पहिल्या दोन वर्षांच्या बाकीवर सामान्यतः पाणी सोडावे लागते. मुदत संपण्यापूर्वी भाडेकरूने लेखी कबुली दिली तर मात्र त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते.

ही कबुली मिळविण्याचा उत्तम काळ म्हणजे पहिला-दुसरा महिना. भाडेकरूची नोकरी गेली आहे, घरात आजारपण आहे, की तो हेतुपुरस्सर अडवणूक करतो आहे, हे समोरासमोर बसून विचारल्याशिवाय कळत नाही. आणि खऱ्या अडचणीतील मनुष्यास हप्ते बांधून देण्यात मालकाचे नुकसान नसते, उलट अडचण सरल्यावर तोच मनुष्य दहा वर्षे वेळेवर भाडे देताना आढळतो. एवढेच करावे की हप्त्यांचा कागद साध्या मराठीत लिहून, आजपर्यंतची एकूण बाकी आकड्यांत व अक्षरांत नमूद करून, त्यावर त्याची सही घ्यावी. सही देण्यास जो नाना सबबी सांगतो त्याच्याविषयी निराळा निष्कर्ष काढावा आणि नोटिशीच्या तयारीस लागावे.

नोटिशीवाचून थकबाकीच्या कारणावर ताब्याचा दावाच चालत नाही. तिच्यात जागेचे वर्णन, भाड्याचा दर, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतची बाकी आणि कर वगैरेंची रक्कम असल्यास ती पृथक्, असे सर्व लिहावे. रागाच्या भरात फुगविलेला आकडा घालू नये, कारण उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. मूळ भाडेकरू मयत असून त्याचे कुटुंब जागेत राहत असेल तर मयताच्या नावे नोटीस काढून उपयोग नाही. आज जागेत असलेल्या वारसांची नावे घालावी. नोटीस पोचपावतीसह टपालाने पाठवावी आणि लिफाफा ‘दार बंद’ किंवा ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आला तर तो न फोडता तसाच ठेवावा. बरोबर पत्त्यावर धाडलेले व इसमाने नाकारलेले टपाल त्यास पोचले असेच न्यायालय साधारणतः गृहीत धरते, आणि तो बंद लिफाफा पुढे साक्षीच्या वेळी उघडण्यात एक निराळे वजन असते. नोटीस पोचल्यापासून 90 दिवस पूर्ण झाल्याशिवाय दावा दाखल करता येत नाही. अधीर मालक ऐंशीव्या दिवशी वकिलाच्या दारात उभा राहतो. वकील समंजस असेल तर तो त्यास घरी पाठवितो.

मुंबईत हा दावा लघुवाद न्यायालयात, म्हणजे लोकभाषेतील स्मॉल कॉज कोर्टात चालतो. इतरत्र जेथे लघुवाद न्यायालय आहे तेथे त्यात, आणि नाही तेथे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतो. आणि येथे कायदा भाडेकरूस आणखी एक संधी देतो, जी पाहून पुष्कळ मालकांचा विरस होतो: दाव्याचे समन्स पोचल्यापासून 90 दिवसांच्या आत त्याने सर्व बाकी द.सा.द.शे. 15 सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढे दावा निकालात निघेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला आणि न्यायालय ठरवील तो दाव्याचा खर्च दिला, तर ताब्याचा हुकूमनामा होत नाही. मला स्वतःला ही तरतूद अन्यायाची वाटत नाही. मालकाचे मूळ गाऱ्हाणे पैशाचे होते आणि पैसे त्यास व्याजासह मिळतात; ज्याला थकबाकीचे निमित्त करून वस्तुतः जागाच मोकळी करून हवी आहे त्याने तसे उघड कारण दाखवून दावा करावा. मात्र ‘नियमित भरत राहिला’ ही अट भाडेकरू पहिल्या उत्साहानंतर विसरतात, म्हणून दर महिन्यास न्यायालयातील भरण्याची चौकशी आपल्या वकिलाकरवी करीत जावी आणि खंड पडताच अर्ज द्यावा. महाराष्ट्रात दिवाणी प्रक्रिया संहितेत घातलेल्या आदेश 15-अ खाली न्यायालय बाकी भरण्याचा हुकूम करू शकते आणि तो न पाळल्यास प्रतिवादीचा बचाव रद्द करू शकते. या तरतुदीचा अर्ज करावयाचा राहून गेल्याने कित्येक दावे उगाच रेंगाळतात.

थकबाकीखेरीज ताब्याची इतर कारणे कलम 16 मध्ये दिली आहेत: संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, लेखी संमती न घेता कायम स्वरूपाचे बांधकाम करणे, शेजाऱ्यापाजाऱ्यांस उपद्रव देणे, दाव्यापूर्वी सलग सहा महिने जागा सबळ कारणावाचून न वापरणे, आणि मालकास स्वतःच्या वापरासाठी जागेची वाजवी व प्रामाणिक गरज असणे. यांतील शेवटच्या कारणात कोणाची अडचण अधिक, मालकाची की भाडेकरूची, हे न्यायालय ताडून पाहते. आणि गरज सांगून ताबा घेतलेला मालक एका महिन्यात तेथे राहावयास गेला नाही किंवा त्याने वर्षभरात जागा दुसऱ्यास देऊन टाकली तर ती मूळ भाडेकरूस परत देण्याचा हुकूम होऊ शकतो. उपद्रवाचे कारण सांगणाऱ्याने शेजाऱ्यांची साक्ष आधी जमवावी. जिन्यातली भांडणे सर्वांना ऐकू येतात, परंतु पिंजऱ्यात उभे राहावयास कोणी सहजासहजी येत नाही.

नळ व वीज तोडण्याविषयी आरंभी लिहिलेच आहे. त्याची कायदेशीर बाजू एवढीच की पाणी, वीज, जिन्यातील दिवा, उद्वाहन आणि सफाई या आवश्यक सोयी तोडण्यास कलम 29 ने मनाई केली असून तो शिक्षापात्र अपराध आहे, आणि सामान रस्त्यावर काढून जबरीने ताबा घेतला तर भाडेकरू विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून, मालकी कोणाची हा प्रश्न न काढता, ताबा परत मिळवू शकतो. ‘ताबा मिळवून देतो’ म्हणणारे मध्यस्थ प्रत्येक शहरात असतात. त्यांच्या नादी लागून कालांतराने खंडणीची धमकी स्वतःच ऐकावी लागलेले मालक मी पाहिले आहेत.

परवानाधारकाची कथा आटोपशीर आहे. निवासासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपूनही तो जागा सोडीत नसेल तर कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यावर 30 दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र करून बचावाची अनुमती घेतल्याखेरीज त्यास विरोध करता येत नाही. मुदतीनंतरच्या काळासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. आणि लेखी करारातील मजकूर हा निर्णायक पुरावा मानला जातो. ताब्याच्या हुकुमावर अपील नाही, केवळ राज्य शासनाकडे पुनरीक्षण आहे. दुकान-गाळ्याच्या परवान्यास ही वाट खुली नाही, हे व्यापारी जागेच्या मालकांनी विसरू नये. तसेच हे कलम मुदत संपण्याविषयी बोलते, मध्येच शुल्क थकण्याविषयी ते स्पष्ट बोलत नाही. म्हणून अनोळखी मनुष्यास एकदम पाच वर्षांचा करार न देता अल्प मुदतीचा द्यावा आणि अनामत रक्कम निदान तीन-चार महिन्यांच्या शुल्काइतकी घ्यावी. करार नोंदविण्याची जबाबदारी कलम 55 ने मालकावरच टाकली आहे. नोंद नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते आणि मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हल्ली ही नोंदणी घरबसल्या संगणकावरून होते, तेव्हा साध्या कागदावर सही घेऊन भागविण्याचे कारण उरलेले नाही.

दावा मध्यावर आला असता तडजोडीचा प्रस्ताव आला तर तो तुच्छतेने फेटाळू नये. सहा-आठ महिन्यांत जागा खाली करून देण्याची हमी भाडेकरूने न्यायालयास लिहून द्यावी, मालकाने बाकीचा काही भाग सोडावा, आणि तसा हुकूमनामा लोकअदालतीत व्हावा, यात दोघांचीही अनेक वर्षे वाचतात; लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते आणि दाव्याची कोर्ट फीही परत मिळते. एकट्या राहणाऱ्या घरमालकिणींनी हेही जाणून असावे की विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यास स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

हुकूमनामा हाती आला म्हणजे ताबा आला असे नव्हे. भाडेकरू आपण होऊन न निघाल्यास दरखास्त दाखल करून बेलिफामार्फत ताबा घ्यावा लागतो. त्या दिवशी स्वतः हजर राहावे, किंवा मुखत्यारपत्र देऊन विश्वासाचा मनुष्य पाठवावा. पंचांपुढे पंचनामा करून घ्यावा, वीज व पाण्याच्या मीटरचे आकडे त्यात लिहवून घ्यावे, मागे राहिलेल्या सामानाची, मग ते फुटके पिंप का असेना, यादी करवून घ्यावी, आणि जाणाऱ्याशी एकही उणा शब्द न बोलता कुलूप बदलावे. अनामत रकमेतून काय वजा केले याचा हिशेब लेखी देऊन उरलेली रक्कम त्याच आठवड्यात धनादेशाने परत करावी. जागेस रंग देण्यापूर्वी सोसायटीस व महावितरणास पत्र लिहून थकीत बिलांची खात्री करून घ्यावी, आणि नव्या बिऱ्हाडकरूस किल्ली द्यावयाची ती करार नोंदवून झाल्यावरच द्यावी.